शिकणारा मेंदू

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण मराठी घरांत कौतुकाने उच्चारली जाते आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही वैतागाने. दोन्ही म्हणींच्या मुळाशी एकच समजूत आहे : माणूस घडायचा तो लहानपणीच घडतो, पुढे त्यात फारसा फरक पडत नाही. चाळिशीत अक्षरे गिरवू पाहणाऱ्या बाईला घरचीच माणसे ‘आता या वयात काय डोक्यात शिरणार?’ असे म्हणतात, तेव्हा ती हीच समजूत बोलून दाखवत असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ शास्त्रज्ञही जवळजवळ असेच मानत होते.

मेंदूविषयीच्या कल्पना आजवर अनेकदा पालटल्या आहेत. ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने बुद्धीचे स्थान हृदयात मानले होते. मेंदू हा त्याच्या मते शरीरातील उष्णता कमी करणारा अवयव होता. चरकसंहितेतही चेतनेचे स्थान हृदय हेच सांगितले आहे. १८६१ मध्ये पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका याने एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. त्या माणसाला बोललेले समजत असे, पण स्वतःला मात्र ‘टॅन’ या एका उच्चारापलीकडे जवळजवळ काहीच बोलता येत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. वाणीला मेंदूत ठरावीक जागा आहे, हे यातून स्पष्ट झाले. शोध मोठाच होता. पण त्यामुळे मेंदू म्हणजे एकदा आखून ठेवलेला नकाशा आहे, अशी कल्पनाही बळावली.

स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना १९०६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मेंदू स्वतंत्र चेतापेशींचा बनलेला आहे, हा विचार त्यांनी दृढ केला. प्रौढ मेंदूतील चेतामार्ग मात्र कायमचे ठरून गेलेले असतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा कठोर नियम बदलता आला तर भावी विज्ञानाने तो बदलावा, असेही त्यांनी त्याच जागी लिहून ठेवले होते. पुढच्या पिढ्यांनी निष्कर्ष तेवढा लक्षात ठेवला आणि ती आशा विसरून टाकली.

या काळात मानसशास्त्राने मेंदूकडे पाठच फिरवली होती, असे म्हटले तरी चालेल. सवयी जडतात त्या मेंदूच्या लवचीकपणामुळे, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० मध्येच मांडले होते. परंतु १९१३ मध्ये जॉन वॉटसनने वर्तनवादाचा पुरस्कार केला आणि दिसते ते वर्तन मोजावे, आत काय चालते ते सोडून द्यावे, असा दंडक पडला. पुढे संगणक आला आणि मेंदूला संगणकाची उपमा मिळाली. ही उपमा उपयोगी असली तरी तिच्यात एक उणीव आहे : हिशेब करता करता संगणकाच्या तारा आपली जागा बदलत नाहीत.

या समजुतीला पहिला धक्का देणाऱ्यांमध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब होते. त्यांनी प्रयोगशाळेतील काही उंदीर घरी नेले आणि मुलांना पाळायला दिले. घरभर हिंडलेले हे उंदीर पुढे चक्रव्यूहातून वाट काढण्यात पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा सरस ठरले. ज्या चेतापेशी वारंवार एकत्र काम करतात त्यांच्यातील जोड बळकट होतो, हे तत्त्व हेब यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. १९६० च्या दशकात बर्कली येथे मार्क रोझेन्झ्वाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांचे सहकारी यांनी खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात, सोबत्यांसह राहिलेल्या उंदरांचे मेंदू तपासले. त्यांच्या मेंदूचे बाह्य आवरण अधिक जाड झाले होते. अनुभवाने मेंदूची घडणच बदलते, हे मोजून दाखवता आले.

उंदरांचे माणसाला लागू पडते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षे जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा उमेदवारांचे मेंदू अभ्यासाच्या आधी आणि नंतर तपासले. २०११ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागाची मागील बाजू वाढलेली होती. जे अनुत्तीर्ण झाले, त्यांच्यात तशी वाढ नव्हती. ही सारी माणसे प्रौढ होती.

येथे सावधही राहिले पाहिजे. ‘मेंदूचे व्यायाम’ विकणाऱ्यांनी या संशोधनाचा वाटेल तसा वापर केला आहे. प्रत्यक्षात एखाद्या खेळाचा सराव केल्याने माणूस मुख्यतः त्याच खेळात तरबेज होतो. वयाला काहीच महत्त्व नाही, असेही नाही. भारतातील जन्मांध मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया करून पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमाने त्यांच्या दृष्टीचा अभ्यास केला. ती मुले चेहरे आणि वस्तू ओळखायला बरेचसे शिकली. नजरेची तीक्ष्णता मात्र पूर्णपणे आली नाही. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात काय, यावर तर २०१८ मध्ये दोन संशोधक गटांनी नेमके उलट निष्कर्ष प्रसिद्ध केले.

वाचनाबाबत मात्र पुरावा उमेद वाढवणारा आहे. स्तानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील व पोर्तुगालमधील ६३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरे ओळखणारा भाग जागा झालेला होता. फक्त त्यांच्या वाचनाचा वेग कमी होता. २०१७ मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि त्या शिकल्या ती लिपी देवनागरीच होती. सहा महिन्यांत त्यांच्या मेंदूच्या खोल भागांतील जोडण्यांतही बदल दिसला.

हे बदल आपोआप घडले नाहीत. त्या स्त्रियांना सहा महिने शिकवणारे कोणी होते. दिवसभर शेतात राबून रात्रीच्या वर्गाला आलेली बाई जोडाक्षराशी अडली, तर ‘हिच्या डोक्यात शिरत नाही’ हा शेरा फार स्वस्तात दिला जातो. तो देण्याआधी वर्ग आठवड्यातून किती दिवस भरतो, शिक्षक वेळेवर येतो काय आणि घरी वाचायला तिच्या हाती एखादे तरी पुस्तक आहे काय, याची चौकशी व्हायला हवी.