विश्लेषण : कोळशाचा वायू होईल, राखेचे काय?

सुपा परिसरातला कांदा उत्पादक कृषी सेवा केंद्रातून युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना घेतो. उरलेला खर्च केंद्र सरकार अनुदानातून भरते. देशातला बहुतांश युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. अलिबागजवळचा आरसीएफचा थळ कारखानाही त्याला अपवाद नाही. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. तिकडे भाव वाढला तर बोजा तिजोरीवर पडतो आणि पुरवठा अडला तर पारनेरच्या दुकानांपुढे रांगा लागतात.

कोळसा मात्र घरचा आहे. म्हणूनच २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसाठी २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार २०२३ मध्ये दावोसला झाला. आकडे मोठे आहेत, पण खरी अडचण त्यांच्यात नाही.

भट्टीत नेमके काय घडते?

वायूकरणात कोळसा पूर्ण जाळायचा नसतो. मोजका ऑक्सिजन आणि वाफ दिली की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनचे मिश्रण मिळते. त्यातून अमोनिया, मिथेनॉल किंवा पोलाद कारखान्याचे इंधन तयार करता येते. वाफ आणि कार्बन यांची अभिक्रिया उष्णता शोषते. ती पुरवण्यासाठी काही कोळसा आतच जाळावा लागतो. दाब वाढवला की तेवढ्याच भट्टीतून जास्त वायू निघतो, शिवाय पुढच्या प्रक्रियांना दाबाखालचाच वायू लागतो.

जगात गाजलेल्या भट्ट्यांत कोळशाची भुकटी १,४०० अंश सेल्सिअसच्या वर आणि ३० ते ४० पट वातावरणीय दाबात काही सेकंदांत वायू होते. राख वितळून खाली वाहते. आपल्या कोळशात मात्र राख बहुधा ३० ते ४५ टक्के असते, आणि ती सहजी वितळत नाही. म्हणजे टनामागे तीन-चार क्विंटल निरुपयोगी माती वितळवण्यासाठी ऑक्सिजन आणि कोळसा खर्चायचा! राख वितळू न देता कमी तापमानावर चालणारी तरंगत्या थराची भट्टी आपल्याला जास्त सोयीची. भेलने हैदराबादमध्ये अशाच जास्त राखेच्या कोळशापासून मिथेनॉल काढून दाखवले. पण ते दिवसाला पाव टन. तिथून हजारो टनांपर्यंतची वाट अजून चालायची आहे.

जुना धडा शेजारीच

चंद्रपूरच्या दक्षिणेला, गोदावरीकाठच्या रामगुंडमला कोळशावर चालणारा खत कारखाना १९८० मध्ये सुरू झाला. वीजटंचाई, यंत्रांतले बिघाड आणि कोळशाचा कमी-जास्त दर्जा यांनी तो कधी नीट चालू दिला नाही. १९९९ मध्ये तो बंद पडला. त्याचे पुनरुज्जीवन झाले ते नैसर्गिक वायूवर. ओडिशातल्या तालचेरला पुन्हा कोळशाचाच प्रयोग सुरू आहे, तोही राखेचे प्रमाण घटवण्यासाठी पेट्रोलियम कोक मिसळून. त्याची मुदत वारंवार पुढे गेली. रामगुंडमच्या भट्ट्यांत दाब नव्हता, आजचे तंत्र वेगळे आहे, हे मान्य. कोळसा मात्र तोच आहे.

दुसरी बाब प्रदूषणाची. वायूपेक्षा कोळशापासून युरिया करताना कार्बन डायऑक्साइड बराच जास्त निघतो. तो एकवटलेला मिळत असल्याने पकडणे सोपे, हा समर्थकांचा दावा बरोबर आहे. पण पकडून ठेवायचा कुठे, याचे उत्तर भद्रावतीत मिळत नाही. चंद्रपूर २००९ पासूनच अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले आहे. वाफेसाठी आणि वायू थंड करून धुण्यासाठी पाणीही मोठे लागते, आणि तिथल्या वीज केंद्रांना उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याचा इतिहास फार जुना नाही.

म्हणून सरकारी मदतीचे हप्ते केवळ बांधकामावर देऊ नयेत. स्थानिक, न मिसळलेल्या कोळशावर भट्टी सलग वर्षभर चालली, दर टन उत्पादनामागे लागलेले पाणी, राख आणि कार्बन यांचे आकडे जाहीर झाले, तरच शेवटचा मोठा हप्ता मिळावा. कंपन्यांना ही अट जाचक वाटेल. तरी रामगुंडमला १९ वर्षे जे झाले त्यापेक्षा ती स्वस्तच पडेल.