माळाची वाट

दिवाळी सरली की माणदेशातले मेंढपाळ वाडा हलवतात. घोड्यावर संसार, वाघर, कोंबड्या, लहान लेकरं, पुढे कळप. चाऱ्यासाठी कुणी कृष्णाकाठ धरतं, कुणी कोकणात उतरतं. कळपामागे अंतर राखून लांडगा असतो, हे धनगराला कुणी सांगावं लागत नाही. म्हसवडचा माळ ही दोघांची वाट. सरकारी दप्तरात मात्र तो बहुतेक ठिकाणी ‘पडीक’.

यंदाचा अंक या वाटेवर काढला, कारण म्हसवड-धुळदेव परिसरात मोठं औद्योगिक क्षेत्र होऊ घातलं आहे. ते यावं, असंच आम्हाला वाटतं. इथल्या पोरांनी पोटासाठी मुंबई गाठली, शेजारच्या आटपाडी-खानापूरची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर पांगली. कारखान्याला नाही म्हणण्याचा अधिकार आम्ही स्वतःला देत नाही. आमचं म्हणणं त्याच्या परिणामांच्या मोजणीबद्दल आहे.

पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतला अर्ज विचारतो, की पंधरा किलोमीटरच्या आत वन्यजीवांच्या विणीच्या, चरण्याच्या, स्थलांतराच्या जागा आहेत का? प्रश्न नेमका आहे. पण उत्तर प्रत्येक प्रकल्प आपापल्या हद्दीपुरतं देतो. कारखान्यांचा अहवाल वेगळा, महामार्गाचा वेगळा, कालव्याचा वेगळा. सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांना तर ही मंजुरी लागतच नाही. लांडग्याला मात्र कुंपण, डांबर आणि सिमेंटचा कालवा एकाच रात्रीत ओलांडायचा असतो. पाहणीच्या दिवशी जमिनीच्या त्या गटात जनावर दिसलं नाही, म्हणून त्याची वाट तिथून जात नाही असं कसं म्हणायचं? वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा वाघाच्या शेजारी आहे. तरी सातारा-सांगलीच्या पश्चिमेला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाभोवती ‘भ्रमणमार्ग’ हा शब्द रुळला. पूर्वेच्या गवताळ माळाला तो अजून तितकासा चिकटलेला नाही.

वाट राखता येते, हे पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ दिसलं. नागपूर-जबलपूर महामार्गाखाली जनावरांसाठी नऊ ठिकाणी मोकळी जागा सोडली, त्यातली सर्वांत मोठी ७५० मीटर लांब. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ आला, रानकुत्री आली, चितळही. त्यासाठी आधी वन्यजीवप्रेमींना न्यायालयाचं दार वाजवावं लागलं. म्हसवडला एवढं बांधकामही नको. भूखंडांचा आराखडा पक्का होण्याआधी ओढ्यांचे काठ आणि गायरानांचे पट्टे सलग मोकळे धरावेत, तिथे तार घालू नये, आणि शेजारचे सगळे प्रकल्प एकाच नकाशावर मांडून मग परिणाम तपासावा. त्या पाहणीत मेंढपाळाला सोबत न्यावं. कोणत्या महिन्यात कोणत्या ओघळीनं जनावर उतरतं, हे त्याच्या पायांना ठाऊक आहे.

माण, खटाव, आटपाडी, जतच्या वाचकांना एक विनंती. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा रस्ता किंवा कालवा ओलांडताना दिसला असेल, किंवा तिथे मेलेला सापडला असेल, तर गाव, ओढ्याचं नाव आणि महिना लिहून आम्हाला पाठवा. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचा नकाशा करायचा आहे.