तिसरी टोपली

सकाळी कचरागाडीचे गाणे कानी पडले की आमच्या घरात आजही क्षणभर सगळे स्तब्ध होतात. त्याला एक कारण आहे आणि ते सांगितल्यावाचून या विषयावर मत मांडण्याचा मला अधिकार नाही, असे वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी गाडीवरचा तरुण सफाईमित्र दाराशी आला. बोटाला चिंधी गुंडाळलेली, दुसऱ्या हातात इन्सुलिनची सुई. "डॉक्टरसाहब, ये आपके यहाँ से निकली है," एवढेच तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य अधिक बोचले. माझी आई मधुमेही. तिची सुई वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात गेली होती. दवाखान्यात परिचारिकांना सुईची विल्हेवाट कशी लावावी हे पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या माझ्या स्वतःच्या घरात ही व्यवस्था! जखम धुतली, आईचे रक्त तपासून घेतले, ते निर्दोष निघाले. त्या तरुणाने मात्र हेपॅटायटिस-बीची लस कधीच घेतलेली नव्हती. ती त्याच दिवशी सुरू केली. पुढे सर्व काही सुरळीत पार पडले. पण मनातली टोचणी गेली नाही.

आपल्या मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की बहुधा यंत्रांची चर्चा रंगते. युरोपातून परतलेले मित्र म्हणतात, "जाळून टाका आणि वीज करा." बागकामाची आवड असलेले म्हणतात, "खत करा." कुणी गॅसचा पुरस्कार करतो. मोठ्या शहराच्या घरगुती कचऱ्यासाठी हे सारे पर्याय कसे ठरतात, याचा विचार एखाद्या औषधयोजनेप्रमाणे करावा, असे मला वाटते. गुण, दुष्परिणाम आणि मुख्य म्हणजे रोगी कोणता, हे पाहूनच औषध निवडावे लागते.

पहिला पर्याय शहराबाहेर ढीग घालण्याचा. हा सर्वांत स्वस्त दिसतो आणि सर्वांत महाग पडतो. ओला कचरा ढिगाच्या पोटात हवेवाचून कुजतो. त्यातून मिथेन निघतो, काळे पाणी झिरपून विहिरींत उतरते आणि उन्हाळ्यात ढीग पेट घेतो. दिल्लीच्या गाझीपूरचा डोंगर १ सप्टेंबर २०१७ रोजी ढासळला आणि दोन जणांचे प्राण गेले. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळील ब्रह्मपुरमचा ढीग पेटला, तेव्हा दहा दिवसांहून अधिक काळ शहर धुरात होते. लहान मुलांचे फुप्फुस वाढत्या वयात असते आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात, हे आपणा वैद्यकांना वेगळे सांगायला नको. आपले देवगुराडियाचे ट्रेंचिंग ग्राउंडही याच वाटेवर होते. तेथील सुमारे १३ लाख टन जुना कचरा चाळून, वेगळा करून २०१८ च्या अखेरीस ती जमीन मोकळी करण्यात आली, ही आपल्या शहराची खरी कमाई होय.

दुसरा पर्याय जाळण्याचा. व्हिएन्ना शहरात श्पिटेलाउ येथे भर वस्तीत कचरा जाळणारा प्रकल्प आहे आणि त्याच्या उष्णतेवर तेथील घरे उबदार राहतात. परंतु तेथील कचरा कोरडा, हिवाळा दीर्घ आणि धुरावरची देखरेख कडक. आपल्या कचऱ्यात भाजीची देठे, साली आणि खरकटेच अधिक. म्हणजे निम्मे पाणीच. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये दररोज ३०० टन कचरा जाळण्याचे संयंत्र परदेशी साहाय्याने उभारले गेले. कचऱ्यात पुरेसा उष्मांकच नसल्याने ते काही आठवड्यांतच बंद पडले. शिवाय डायॉक्सिनसारखी विषे टाळायची तर ज्वलनवायू किमान ८५० अंश सेल्सियसवर दोन सेकंद राहावे लागतात, ते झपाट्याने थंड करावे लागतात, गाळण्या अखंड चालू ठेवाव्या लागतात. त्यानंतरही वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरतेच. मिश्र, ओल्या कचऱ्यावर हा उपाय करणे म्हणजे निदानाआधीच शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

तिसरा पर्याय खताचा आणि येथे आपल्याला थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. कंपोस्टची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती याच शहरातील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी सिद्ध केली आणि १९३१ मध्ये तिच्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेतातला पाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर देऊन ठराविक काळाने ते उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायचे. ढीग नीट जमला की आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि रोगजंतू नष्ट होतात. उणीव एवढीच की जागा बरीच लागते, आणि कचऱ्यात काच, प्लास्टिक वा बॅटऱ्या मिसळलेल्या असतील तर जे निघते त्याला शेतकरी हात लावत नाही. त्याने लावूही नये.

चौथा पर्याय गॅसचा. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता दररोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत देण्याची आहे. ढिगातून हवेत जाणारा मिथेन येथे बंद टाकीत अडतो आणि शहराच्या बस चालवतो. मोठ्या शहराच्या ओल्या कचऱ्यासाठी यापेक्षा चांगला मार्ग आज मला दिसत नाही. तरीही ही टाकी म्हणजे एक जठरच आहे. त्यातील जिवाणूंना प्लास्टिक पचत नाही, आम्लता वाढली की त्यांनाही अपचन होते. अन्य शहरांत असे प्रकल्प आजारी पडतात, त्याचे कारण बहुतेकदा यंत्रात नसून त्यात जाणाऱ्या घासात असते.

म्हणून माझे मत असे की 'कोणता प्रकल्प उत्तम' या प्रश्नाचे उत्तर प्रकल्पाच्या फाटकाशी मिळत नाही. ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी मिळते. वर्गीकरण झाले तर ओल्याचा गॅस व खत, सुक्याचा पुनर्वापर, आणि पुरायला उरतो केवळ मूठभर निरुपयोगी अंश. वर्गीकरण झाले नाही तर चारही औषधे निष्फळ. २०१७ ते २०२३ या सर्वेक्षणांत इंदूर सलग सात वेळा पहिले आले (सातव्या वेळी सुरतसह), ते प्रथमतः घरोघरच्या गृहिणींच्या आणि गाडीवरच्या सफाईमित्रांच्या शिस्तीमुळे.

परंतु ओले-सुके वेगळे करूनही एक भाग उरतो, जो ना कुजतो, ना पुन्हा वापरता येतो : डायपर, सॅनिटरी पॅड, सुया, ड्रेसिंगचे बोळे, मुदत संपलेली औषधे. हीच ती तिसरी टोपली. यासाठी मात्र जाळण्याचा पर्याय खरोखर योग्य आहे, छोट्या प्रमाणावर, पुरेशा तापमानावर, देखरेखीखाली. आणि गंमत अशी की ही टोपली भरण्यात आपल्या व्यवसायाचा वाटा सर्वांत मोठा आहे. सुया आपण लिहून देतो, पट्ट्या आपण बांधतो. डायपरविषयी तर बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी स्वतःच दोषी आहे. पुरळ उठले की मलम लिहून देतो, आणि वापरलेले डायपर कुठे जाते हे विचारत नाही.

नोकरी करणाऱ्या आईने काय करावे, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो रास्त आहे. तिच्यावर आणखी एक ओझे टाकण्याचा माझा हेतू नाही. पण रात्री व प्रवासात डायपर आणि घरी दिवसा आजीच्या हातचे सुती लंगोट, एवढी तडजोड अनेक घरांत साधते. बाळाच्या त्वचेलाही ती मानवते, आणि लंगोट बदलायला बाबांचे हातही चालतात. वापरलेले डायपर मैला शौचकुपात टाकून, कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाकावी आणि भरलेली बाटली तिसऱ्या टोपलीतच द्यावी.

पहिल्या क्रमांकाचा अभिमान जरूर असावा. पण डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून जी साथ आली आणि तान्ह्या बाळासह अनेकांचे प्राण गेले, तिने दाखवून दिले की डोळ्यांना दिसणारी स्वच्छता म्हणजे आरोग्य नव्हे. जे दिसत नाही तेथेच रोग दबा धरून असतो, मग ती जमिनीखालची नळी असो वा वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुई.

आपल्या संस्थेपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. इन्सुलिन लिहून देताना आपल्यापैकी प्रत्येकाने सुई कुठे टाकायची हेही त्याच चिठ्ठीवर मराठीत वा हिंदीत लिहावे. आणि आपल्या परिसरातील सर्व सफाईमित्रांना हेपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आपण स्वखर्चाने द्याव्यात. विषाणूयुक्त रक्ताची सुई टोचल्यास लस न घेतलेल्याला या रोगाची लागण होण्याचे प्रमाण ६ ते ३० टक्के आहे. एचआयव्हीचे सुमारे ०.३ टक्के. या आकड्यांपुढे तीन इंजेक्शनांचा खर्च तो किती!

तो तरुण आजही आमच्या गल्लीत येतो. आई गेली, तिची सुयांची बाटली मी तिसऱ्या टोपलीतून त्याच्या हाती दिली, तेव्हा त्याने ती हलवून पाहिली, झाकण घट्ट आहे याची खात्री केली आणि मान डोलावली. आतापर्यंत मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत ते मी वरच्या जागी ठेवले आहे.