खणखणीत की बद्द?

आजी-आजोबा राहायला आले की तुमच्याकडे काय होतं? लाडू, गोष्टी, रात्री उशिरापर्यंत जागायची परवानगी, हो ना? आमच्या माथेरानच्या घरी गेल्या मे महिन्यात आजोबा आले ते पिशवीत हातोडी घेऊन! वर आंबे, मध्ये आजीची मिरगुंडं आणि तळाशी गोणपाटात गुंडाळलेली हातोडी.

"अण्णा, इथे काय हातोड्या मिळत नाहीत?" मी विचारलं.

"मिळत असतील. पण ही माझ्या हाताला माहीत आहे."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७६. पेणजवळच्या गावात राहतात. तिथलं घर नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल गावठी कौलांचं. ती नुसती एकावर एक टेकवलेली असतात. वाऱ्यानं, मांजरांच्या पळापळीनं सरकतात. म्हणून दर मे महिन्यात छपरावर चढायचं, फुटकी काढायची, सरकलेली नीट लावायची. याला कौलं चाळणं म्हणतात. अण्णांनी ते पन्नास वर्षं केलं.

आमचं छप्पर मंगलोरी कौलांचं. १८६०च्या दशकात बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळीकडे पसरली. या कौलाला कडेनं खाचा असतात, त्या शेजारच्या कौलात बसतात. शिवाय खाली एक नाक असतं, ते लाकडी रिपेत अडकतं. त्यामुळे ती सहजी सरकत नाहीत. पण माकडांना हे कोण सांगणार? ती छपरावर उड्या मारणारच, आणि कौलं फुटणारच!

आणि इथला पाऊस म्हणजे साधासुधा नव्हे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाच मीटर! सगळा साठवला तर दीड मजला पाण्यात. त्यात एक फुटकं कौल म्हणजे चार महिने घरात बादली.

बरं, नवी कौलं आणायची तर माथेरानात मोटारी येत नाहीत. टेम्पो दस्तुरीपर्यंत. पुढे सामान घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर. एकेक कौल अडीच-तीन किलोचं. चाळीस कौलं घरी पोचेपर्यंत माझं पाकीट हलकं झालं होतं.

अण्णा-आई मात्र अमन लॉजहून झुकझुक गाडीनं आले. ही गाडी बरं का, एका बापलेकांनी उभी केली. सर आदमजी पीरभॉय माथेरानला वरचेवर यायचे. त्यांच्या मुलानं, अब्दुल हुसेननं, नेरळहून डोंगरावर रूळ टाकले आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. खर्च १६ लाख रुपये, तोही त्या काळी! पैसा बापाचा, मेहनत लेकाची. आमच्याकडे अनुभव बापाचा आणि हट्ट लेकाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली. अण्णा धोतर खोचून तयार. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही वर चढायचं नाही. खुर्ची टाकतो, सावलीत आरामात बसा." मदतीला दोन गडी बोलावले होतेच.

अण्णा काही बोलले नाहीत. जांभळाच्या झाडाखाली जाऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला. हातोडी मांडीवर. मी आपला छपरावर, मोठ्या ऐटीत.

खाली उतरलो तर आईनं गाठलं. "अरे, त्यांना पाहुणा केलास तू. पडतील म्हणून चढू देत नाहीस, ते बरोबरच आहे. पण खाली काही कामच नाही का?"

मी गप्प. खरं सांगू? मला त्यांच्या पायांची काळजी होती, हे खरंच. पण 'असं नको, तसं कर' हे ऐकावं लागू नये, असंही मनात कुठेतरी होतं.

वाट काढली ती आमच्या मुलीनं, वय वर्षं अकरा. उतरवलेल्या कौलांचा ढीग अंगणात होता. ती दोन कौलं घेऊन अण्णांपुढे उभी. "आजोबा, यातलं फुटकं कुठलं? मला तर दोन्ही सारखीच दिसतात."

"दिसायचं नसतं, ऐकायचं असतं," अण्णा म्हणाले. कौल एका हातावर तोललं आणि बोटाच्या पेरानं टक्‌ केलं. खणखणीत! दुसऱ्यावर टक्‌. बद्द! "याच्या पोटात चीर आहे. डोळ्याला नाही दिसत, पण पावसाला बरोब्बर सापडते."

मग काय विचारता! दोघं ढिगापाशी बसले. अण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ते प्रत्येक कौल डाव्या कानाशी धरायचे. खणखणीत असेल त्यावर खडूनं बरोबरची खूण, बद्द असेल ते बाजूला. अण्णांच्या खुणेशिवाय एकही कौल वर जाईना. मी 'चांगली' म्हणून ठेवलेल्यांतली अकरा त्यांनी बाद केली.

एका कौलावरून दोघांचं जुंपलं. अण्णा म्हणाले खणखणीत, ती म्हणाली बद्द. शेवटी कौलाच्या खोलगट भागात पाणी ओतलं आणि ठेवून दिलं. तासाभरानं पाहिलं तर खालची बाजू ओली! अण्णांनी स्वतः खोडून फुली मारली. "तुझा कान नवा आहे," म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दुपारी मला खालूनच हुकूम सुटू लागले. "वळचणीकडून सुरू कर, वरची ओळ खालच्या ओळीवर आली पाहिजे!" "कौलाच्या मधोमध पाय देऊ नकोस, खाली वासा असेल तिथे दे!" दोन्ही बरोबर होतं, म्हणून ऐकलं. (तुम्ही मात्र छपरावर चढायचं नाही हं! शिडी धरणं, कौल हातोहात देणं आणि टक्‌ करणं, एवढंच तुमचं खातं.) मग अण्णा म्हणाले, "दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पाचोळ्यानं भरली असेल. साफ कर."

तोवर ऊन डोक्यात गेलं होतं. वरवर हात फिरवला आणि ओरडलो, "केली!"

अण्णा-आई मृगाआधी गावी परतले. हातोडी आमच्याकडेच राहिली. विसरली की ठेवली, विचारलं नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. मागच्या उताराखालची खोली कोरडी ठणठणीत. स्वयंपाकघरात मात्र कोपऱ्यात थेंब. टप्‌. टप्‌. बरोब्बर पन्हळीखाली!

रात्री अण्णांचा फोन आला. "गळतंय का रे कुठे?"

"एकाच ठिकाणी. स्वयंपाकघरात."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "पन्हळ साफ केली होतीस ना?"

मी फोन मुलीच्या हातात दिला आणि बादली शोधायला गेलो.