या, पण थांबा

१३७७ साली रगूसाच्या, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकच्या, नगरसभेने एक ठराव केला. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात पाऊल टाकण्याआधी म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी महिना काढायचा. यंदाच्या आमच्या दिवाळी अंकातल्या ‘साथींचा इतिहास’ विभागाचा नायक कोण, असं विचाराल तर हा रुक्ष ठराव.

त्याआधी तीस वर्षं, १३४७च्या ऑक्टोबरात, जिनोआची गलबतं काळ्या समुद्राकडून सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली आणि रोग उतरला. पुढे त्याने व्यापाऱ्यांचीच वाट धरली: १३४८मध्ये फ्लोरेन्स, पॅरिस, लंडन, १३४९मध्ये नॉर्वे. चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. पॅरिसच्या विद्वान वैद्यांनी ग्रहयुतीला दोष दिला. जमावाला जवळचा अपराधी हवा होता. विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन स्ट्रासबर्गमध्ये १३४९च्या फेब्रुवारीत शेकडो ज्यूंना जाळलं. त्या शहरात तोवर प्लेग पोचलासुद्धा नव्हता!

रगूसाकरांनाही कारण ठाऊक नव्हतंच. उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं ते १८९८मध्ये, तेही आपल्याकडच्या साथीत, कराचीला. पण रगूसा व्यापारावर जगणारं. बंदर मिटलं तर पोट मिटणार, सताड उघडं ठेवलं तर माणसं जाणार. म्हणून ही मधली तोड. व्हेनिसने १४२३मध्ये एका बेटावर कायमचं प्लेग-रुग्णालय उभारलं. महिन्याचे चाळीस दिवस झाले, इटलीत आरोग्य मंडळं आली, प्रवाशांना दाखले आले.

पश्चिम युरोपातून प्लेग हटला तो या कारकुनीमुळेच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. उंदरांची जात बदलली, हवामान बदललं, अशीही मतं आहेत आणि अभ्यासकांचं भांडण मिटलेलं नाही. आमचा कौल कारकुनांना, आणि तो फ्रान्सच्या मार्से बंदरामुळे. १७२०च्या मे महिन्यात ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ जहाज तिथे आलं. वाटेत खलाशी मेले होते, नियम सगळ्यांना पाठ होते. पण बोकेरची व्यापारी जत्रा तोंडावर आलेली, जहाजात रेशीम आणि कापूस, आणि त्या मालात शहराच्या कारभाऱ्यांचाच पैसा. नियम वाकले, माल उतरला. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या मार्सेत जवळजवळ निम्मी माणसं दगावली. जहाज जाळायचा हुकूम निघाला, तोही उशिराच.

मार्सेवरचा लेख विभागात शेवटी आहे. वाचायला सुरुवात तिथून केलीत तरी आमची हरकत नाही.