चित्रामागची बाजू



खाऊच्या पुड्यातून निघणारी चित्रे तुमच्यापैकी अनेकांनी जमवली असतील. ही युक्ती फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात मिळत. त्या मोडू नयेत म्हणून पाकिटात एक जाड कार्ड घालत. त्यावर रंगीत चित्र छापले, की पूर्ण संच जमवण्यासाठी गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा घेई.

१८८८ च्या सुमारास अमेरिकेतील किंबॉल या तंबाखू कंपनीने अशा एका संचाला नाव दिले, ‘रानटी आणि अर्धरानटी सरदार व राज्यकर्ते’. कार्ड पाहणाऱ्याने त्या राजांचे देश पाहिलेले नसत, त्यांची भाषा ऐकलेली नसे. पण ते रानटी आहेत, हे मात्र त्याला आधीच सांगितलेले असे.

अशाच नजरेला बळी पडलेला एक राजा आपल्या महाराष्ट्रात राहून गेला. ताम्हिणी घाट उतरून तुम्ही कोकणात गेलात, तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा जरूर पाहा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला क्रूर आणि दारूबाज म्हणून रंगवले. १८७९ मध्ये त्याच्या राज्यात राजघराण्यातील अनेकांची हत्या झाली, हे खरे आहे. ते झाकू नये. पण १८८५ च्या युद्धाचे निमित्त वेगळेच होते. सागवान जास्त तोडून कर चुकवल्याबद्दल थिबाच्या दरबाराने मुंबईच्या बॉम्बे बर्मा कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला होता. क्रूर राजाची गोष्ट गाजली, सागवानाची मागे पडली. इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तेथेच वारला. त्यापूर्वी, १८६२ मध्ये, आपला बहादूरशहा जफर त्याच ब्रह्मदेशात, रंगूनला, कैदेत वारला होता.

मला वाटते, असे चित्र नेहमी खोटेच असते असे नाही. पण ते अर्धे असते. आज अशी चित्रे मोबाइलवर येतात. आपल्या लोकांचे कोणी वाईट चित्र रंगवले, की आपल्याला राग येतो. मग दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसाचे चित्र आपण न तपासता पुढे पाठवावे का?

चित्र हाती आले, की आधी विचारा: हे कोणी काढले? आणि त्याला काय विकायचे आहे?