दगडी चाळ आणि आमच्या गावची खोली

यंदा गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतील चारपाच मुले पाठीवर ‘डॅडी’ असे छापलेले टी-शर्ट घालून नाचत होती. त्यांतील एक माझा शाळासोबती. ‘डॅडी’ म्हणजे मुंबईच्या दगडी चाळीचे अरुण गवळी, हे निपाणीपासून बेळगावपर्यंत कोणाला सांगावे लागत नाही. (चित्रपटांची कृपा!) मी त्याला विचारले, या माणसाचे तुला एवढे काय? तो म्हणाला, “आपला मराठी माणूस हाय. गिरण्यांचा संप झाला, पोरांच्या पोटावर पाय आला, म्हणून घोडा हातात घेतला. दुसरं काय करणार?”

हे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे, प्राध्यापकांकडूनही. मला ते पटत नाही.

आधी काळाचा हिशेब पाहू. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची ‘भायखळा कंपनी’ मात्र त्यापूर्वीच, सत्तरीच्या दशकात उभी राहिली होती. संपाने तिला पोरे पुरवली हे खरे, पण तिला जन्म दिला असे म्हणता येत नाही. शिवाय अडीच लाख घरांतील किती मुले टोळीत गेली? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात एकाच गिरणी कामगाराच्या घरातील एक मुलगा त्या वाटेला जातो, बाकीचे जात नाहीत. उपासमार तर सर्वांनाच सारखी होती.

आता ‘मराठी माणूस’. मुंबई हे परगावच्या माणसांचे शहर आणि प्रत्येक लोंढ्याबरोबर तिथे एकेक दादा उभा राहिला. अफगाणिस्तानातून आलेला करीम लाला पठाणांचा, तुतिकोरीनकडचा वरदराजन मुदलियार धारावी-माटुंग्याच्या तमिळांचा. गवळींचे वडील मध्य प्रदेशातून आलेले. उलट ज्याच्याशी त्यांचे हाडवैर झाले, त्या दाऊदचे वडील रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले पोलीस हवालदार! आणि वैर होण्यापूर्वी याच मंडळींची दोस्ती होती. तेव्हा या धंद्यात भाषेचा अभिमान किती आणि हिशेब किती, हे वाचकांनीच ठरवावे. बाबू रेशीम १९८७ साली कोठडीत मारला गेला, रमा नाईक १९८८ साली पोलिसांच्या गोळीने. गवळी २००४ साली आमदार झाले, २०१२ साली एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. टी-शर्टवर यांतले काहीच छापलेले नसते.

मग संपाआधी ही मुले तिकडे का वळली? याचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, आजोबांकडे सापडले. ते १९६३ ते १९८३ अशी वीस वर्षे गिरणीत होते. करी रोडला आमच्या गावची खोली होती. दहा बाय बारा फुटांची खोली आणि तीस माणसे. पहिली पाळी कामावर गेली की रात्रपाळीची माणसे त्यांच्याच वळकटीवर आडवी व्हायची. वर्गणी, भाडे, खानावळीचे पैसे, सगळे एका वहीत. वही आजोबा लिहीत.

त्या खोलीत १९७८ साली गावचा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला. बदली कामगार. बदलीवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. महिन्यातले बरेच दिवस रिकामे. रिकाम्या मुलाला नाक्यावर काम देणारे लोक होतेच. मटक्याचे अड्डे, हातभट्टीची दारू, दोन्हीला निरोप्या आणि राखण्या लागतात. “गिरणीत त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं,” आजोबा म्हणतात, “नाक्यावर पोरं त्याला नावानं हाक मारायची. खरं तो वाईट नव्हता रे.” (आपल्याकडचा हा ‘खरं’ म्हणजे ‘पण’, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

माझ्या मते खरी मेख इथे आहे. परक्या शहरात ओळखीची हाक ऐकू आली की माणूस हिशेब विचारत नाही. आपण ‘आपला माणूस’ म्हणतो, या अंकाच्या कन्नड विभागातील माझे मित्र ‘नम्मवरु’ म्हणतात. आपल्या सीमाभागात तर या दोन शब्दांवर कितीही पोरे रस्त्यावर उतरवता येतात, हे आपण पाहिले आहे. पण टोळीचा पैसा कोठून येत होता? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न पडतो. तो शेजारचा पानवाला, भाजीवाला, हॉटेलवाला यांच्या हप्त्यातून येत होता. म्हणजे ‘आपल्याच’ माणसांकडून. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि खेळ मोठ्या लोकांचा झाला. त्याच काळात, १९९४ साली, खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भररस्त्यात खून झाला.

असो. ती वही आजोबांच्या पेटीत अजून आहे. परवा मी ती चाळली. फेब्रुवारी १९८२ पासून प्रत्येक नावापुढे ‘बाकी’, पुढच्या महिन्यात ‘मागील बाकी’. त्याच वर्षीच्या दिवाळीच्या पानावर मात्र त्या मुलाच्या नावावर ३०० रुपये जमा आहेत, ‘खोलीस मदत’ म्हणून.

मी आजोबांना विचारले, “तुम्ही घेतलेत?”

“घेतले,” ते म्हणाले. “सगळ्यांनी मिळून ठरवून घेतले. पैसे कुठले ते ठाऊक होतं. जिच्याकडं आम्ही आठ महिने उधारीवर जेवत होतो, त्या खानावळवालीकडनं पण हप्ता जायचा.”

पुढच्याच ओळीत त्याच तारखेला खानावळीच्या नावे ३०० रुपये खर्ची पडले आहेत.